स्टेपनी हलकी होती, मिलिंद

मिलिंद, त्या दिवशी पंक्चर झालं नसतं तर मी तुझ्यासाठी रडलो असतो.

तयारी करूनच निघालो होतो. तुझ्या अंत्यविधीला डोळ्यांतून टिपूस आलं नाही. भाच्याच्या गाडीतून लातूरला आलो, खांदा दिला आणि दगडासारखा नांदेडला परत गेलो. बायको म्हणाली, असं आत कोंडून ठेवू नका, आजारी पडाल. म्हणून जलदानविधीला आपली गाडी घेऊन यायचं ठरवलं. ती तुझ्या दारात उभी करायची, स्टिअरिंगवर डोकं टेकायचं आणि रडून घ्यायचं, एवढाच बेत होता.

गाडी कागदावर माझी. वडील ज्या वकिलांकडे कारकून होते, त्यांनी नांदेड सोडताना शेडमधला तो विलायती सांगाडा वडिलांना देऊन टाकला. दोन माणसांची, बिनछपराची, कधीकाळी मद्रासला शर्यतीत पळालेली. पण सांगाड्याची गाडी तू केलीस. तंत्रनिकेतनात एका बाकावर बसायचो तेव्हाच तू त्या शेडमध्ये शिरलास. पुढे मी पाटबंधारे खात्यात लागलो, विष्णुपुरीच्या धरणावर. तू लातूरला ओतकामाचा कारखाना टाकलास, पंपांचे अॅल्युमिनियमचे भाग ओतायचास. तरी रविवार त्या शेडमध्येच जायचा.

लोहा मागे पडलं आणि अहमदपूर यायच्या आत मागचं डावं चाक बसलं. तुझा नियम होता, या मॅग्नेशियमच्या चाकांना दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. "नट जरा जास्त आवळला की मॅग्नेशियम तडकतंय. पंचर झालं की मला फोन." मी इतकी वर्षं तो नियम पाळला. त्या दिवशीही खिशातून फोन काढला, तुझं नाव शोधलं, आणि मग भानावर आलो.

शेवटी स्वतःच जॅक लावला. चाक काढलं, डिकीतून स्टेपनी काढली. एका हातात हे, एका हातात ते, असं उचलून जागा बदलायला गेलो, तर स्टेपनीचा हात आपोआप वर गेला. भरलेली घागर समजून रिकामी उचलावी तसा. मी दोन्ही खाली ठेवली. पुन्हा उचलली. पाचही चाकं एका जातीची, एका कारखान्याची. टायरमुळे थोडाफार फरक पडेल, एवढा नाही.

परीक्षा तूच शिकवलेली. किल्लीनं रंग खरवडायचा आणि उघड्या धातूवर लिंबू पिळायचं. मॅग्नेशियम असेल तर सोड्याची बाटली फोडल्यासारखं फसफसतं, अॅल्युमिनियम मुकाट बसतं. समोरच्या ढाब्यावरून अर्धं लिंबू आणलं. स्टेपनीवर पिळलं, ती फसफसली. काढलेल्या चाकावर पिळलं. रस ओघळून मातीत गेला. मग गाडीच्या भोवती फिरत उरलेल्या तिन्ही चाकांवर पिळलं. मुकाट, मुकाट, मुकाट.

ढाबेवाला बघत उभा होता. "काय साहेब, लिंबू उतरवून राहिले काय? नजर लागली गाडीला?"

"हाव," मी म्हणालो. "लागली."

तिथंच बाजेवर बसलो. पहिल्यांदा आठवला तो हैदराबादचा माणूस. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात भेटलेला, आपल्यासारखीच मॅग्नेशियमची चाकं असलेला. त्यानं मला विचारलं होतं, ठेवू का बदलू? मी छाती पुढे काढून सांगितलं होतं, बिनधास्त ठेवा, माझी बघा, नांदेड-लातूर रस्त्यावर चालतात, तिथं जी टिकली ती कुठंही टिकतील. तू शेजारी उभा होतास. हातात फडकं होतं तुझ्या, हसत होतास. आणि माझी तर अॅल्युमिनियमची निघाली. त्याचं चाक एखाद्या वळणावर तडकलं असेल तर? त्याला फोन लावला, आणि कसंबसं सांगितलं की मी चुकीचं बोललो होतो.

तो आरामात म्हणाला, "अरे साब, आपके दोस्त तो उसी दिन बोल दिये थे ना मेरेकू. चाय पिलाने ले गये, और बोले, चाकाँ बदल दो, इसकी मत सुनो, बस इसकू बोलो नको. मैं तभीच बदल दिया."

बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. एक माणूस सुखरूप होता. पण मिलिंद, परक्या माणसाला तू चहाच्या एका कपावर खरं सांगितलंस. माझ्याबरोबर तू हजारो कप प्यायलास.

आपलं भांडण तरी काय होतं? लोक शेतीवरून भांडतात, बांधावरून भांडतात. आपण चाकांवरून भांडायचो. मी म्हणायचो, मॅग्नेशियम म्हणजे गाडीचा आत्मा. अॅल्युमिनियमच्या दोन तृतीयांश वजन. चाक हलकं तर गाडी रस्त्याला धरून पळते, वळणावर मनासारखी वळते. ज्यांनी ती बनवली त्यांनी काही विचार करूनच ती चाकं दिली. तू म्हणायचास, "अन्या, त्यांनी ती एका मोसमापुरती दिली. शर्यत झाली की चाकं फेकायची. तू जन्मभर चालवून राहिलास. मॅग्नेशियम म्हणजे श्रीमंताघरचं पोरगं, जरा ओल लागली की अंगावर फोड. आतून तडे जातेत, वरून दिसत न्हाईत."

"आणि अॅल्युमिनियम? त्याची तर पातेली येतात."

"येतेत की. अन् पातेलं पन्नास वर्षं टिकतं."

तंत्रनिकेतनात सरांनी मॅग्नेशियमची फीत पेटवून दाखवली होती, तो पांढराशुभ्र उजेड तू विसरला नाहीस. "ते पेटलं ना, पाणी मारलं की आणखी भडकतं. तुझ्या धरणाचे सगळे दरवाजे उघडले तरी विझायचं न्हाई." मी म्हणायचो, तुझा धंदाच अॅल्युमिनियमचा, तू दुसरं काय बोलणार. तू म्हणायचास, तुझा धंदा पाण्याचा, म्हणून तुझं बोलणं पाण्यावर. वर्षानुवर्षं हेच. दोघांनाही कंटाळा आला नाही.

मग चाकांचा रंग उडाला, आणि मी चारही चाकं तुझ्याकडे लातूरला पाठवली. स्टेपनीचा रंग बरा होता म्हणून ती डिकीतच राहिली. दसरा होऊन बरेच दिवस गेले तरी चाकं येईनात. तू म्हणालास, रंगवाला गावी गेलाय. मग म्हणालास, टायरही जुने झालेत, नवीन घालून देतो. आली तेव्हा नवीकोरी दिसत होती. मी एक उचलून म्हणालो, जड वाटतंय रे. तू म्हणालास, "नवीन टायर जड असतेत." मी मान डोलावली. मी अभियंता, मान डोलावली, कारण सांगणारा तू होतास.

आणि त्यानंतर तू भांडायचं सोडलंस. आता मागे वळून पाहतो तर लख्ख दिसतं. मी चाकांचा विषय काढला की तू हात वर करायचास. "हरलो बाबा. तुझंच खरं." मला वाटायचं, वय झालं, मऊ झाला.

एकदा लोह्याजवळ पुलाच्या अलीकडे खड्डा दिसला नाही. शेजारी बायको होती, गाडी जोरात होती. असा आवाज झाला की मला वाटलं संपलं. उतरून पाहिलं तर पुढच्या चाकाची कड आत वळली होती. नुसती वळली होती, तुटली नव्हती. मी तुला फोन केला, तू लगेच निघून आलास. रस्त्याच्या कडेला बसून त्या वळलेल्या कडेवर हात ठेवलास आणि बराच वेळ उठलाच नाहीस. मी काय बोललो आठवतं? "बघितलंस तुझ्या डोळ्यांनी? हे असतं मॅग्नेशियम."

तू वर न बघता म्हणालास, "हाव. बघितलं."

मॅग्नेशियम असतं तर तडकलं असतं. बायको आणि मी त्या पुलाखाली असतो. तू ओतलेल्या चाकानं आम्हाला वाचवलं आणि मी तुला तुझ्याच चाकावरून टोमणा मारला. त्या वेळी तुझे डोळे ओले होते की ऊन होतं, मला माहीत नाही. तुझे आभार मानायचे आहेत, मिलिंद. पण मानायला गेलो की राग मध्ये येतो. बायकोच्या जिवाबद्दल आभार मानायची संधीसुद्धा तू मला दिली नाहीस. ती मी तुला मारलेल्या टोमण्यात वाया गेली.

लातूरला पोचलो तेव्हा तुझ्या अंगणात मांडव होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, फुलं घातलेला तुझा फोटो, भन्तेजींचं सुत्तपठण. मागून लोक बोलायला उभे राहिले. एकामागून एक तेच सांगत होते, मिलिंदला खोटं कधी जमलं नाही. माझ्या बोटांना लिंबाचा वास येत होता. मला दोन शब्द बोला म्हणाले. मी नको म्हणालो. लोकांना वाटलं, दुःखामुळे.

मांडव रिकामा झाल्यावर शोभावहिनी मला पोचवायला फाटकाशी आल्या. त्यांनी मागच्या डाव्या चाकाकडे पाहिलं. जुन्या रंगाची स्टेपनी तिथं डोळ्यांत भरत होती. मग माझ्याकडे पाहिलं.

"कळलं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला कळलं की त्यांना माहीत होतं. म्हणजे कारखान्यातल्या माणसांनाही माहीत असणार. वहिनींनी काहीच लपवलं नाही. ओतल्यावर धातू निवताना आकसतो म्हणून तू लाकडाचा नमुना जरा मोठा करून घेतलास. पहिली दोन चाकं मनासारखी उतरली नाहीत म्हणून स्वतःच घणानं फोडलीस. मग सगळी पुण्याला नेऊन आतून तपासून आणलीस. "एवढं तर त्यांनी आमच्या घराच्या पायाचं केलं न्हाई, भावजी," वहिनी म्हणाल्या.

"पण का? मूळची चाकं कुठं गेली?"

"ते आत्यांना विचारा."

त्यांची आत्या म्हणजे सासू, तुझी आई, ओसरीवर खुर्चीत बसली होती. लेक गेलेल्या बाईला चाकांबद्दल काय विचारायचं? मी विचारणार नव्हतो. पण त्यांनीच सुरुवात केली. वहिनींचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं.

"अनंता, ये, बस. मीच घासली व्हती तुझी चाकं."

"घासली?"

"धम्मचक्र दिनासाठी तांब्या-पितळेचं समदं काढलं व्हतं मी उजळायला. तुझी चाकं अंगणात पडलेली, पार काळवंडलेली. म्हणलं, लेकराच्या दोस्ताची गाडी, हिला बी उजळावं. मिलिंद गावाला गेलता. टायर निघालेलेच व्हते. चिंच-मिठाच्या पाण्यात बुडवून ठिवली रातभर. कशी फसफसून राहिली व्हती, बाबा. म्हणलं, बघ किती मळ निघून राहिला." त्या थांबल्या. "सकाळी काढली तर वाळवीनं खाल्ल्यावानी."

मला हसू आलं. खरंच आलं, तुझ्या जलदानविधीच्या दिवशी. चिंच आणि मीठ. आपल्या दोघांची एवढी शिक्षणं, एवढी भांडणं, आणि मॅग्नेशियमचा निकाल लावला तुझ्या आईच्या चिंचेनं. हे तू मला त्या दिवशी सांगितलं असतंस तर आपण दोघं पोट धरून हसलो असतो. असं मला आत्ता वाटतं. तेव्हा हसलो असतो का?

"मग मला सांगायचं होतं, आई."

"मी म्हणलं त्याला. सांगू म्हणलं. मीच सांगते, पाया पडते त्या पोराच्या. तर लई चिडला. म्हणला, तू कुणाच्या पाया पडायची न्हाईस."

"मी पाया पडू दिलं असतं का?"

"भ्याला व्हता तो," त्या म्हणाल्या. "तू मला काय बोलशील त्याला. अन् न बोलता काय करशील त्याला."

मिलिंद, न बोलता काय, ते मला लगेच समजलं. तुलाही ठाऊक होतं म्हणून तर तू भ्यालास. गाडी पहिल्यांदा चालू झाली तेव्हा आपण ती आईंना दाखवायला लातूरला आणली. त्या भाकरी टाकायच्या सोडून बाहेर आल्या, बॉनेटवर पूर्ण तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "लई गुळगुळीत हाय रं." पिठाचा पंजा उमटला. मी खिशातून पिवळं फडकं काढलं आणि पुसला. आईंच्या समोर, तुझ्या समोर. मी सगळ्यांचेच डाग पुसतो. सासऱ्यांच्या कोपराचा पुसला, मुलीच्या बोटांचे पुसतो, माझेही पुसतो. पण तुमच्या माणसांनी शिवलेलं पुसणारे हात तू लहानपणी मुखेडला पाहिले होतेस. ते तूच मला एकदा सांगितलं होतंस. त्या दिवशी तू फक्त म्हणालास, "चल, चहा घेऊ."

त्या दिवशी नांदेडला परतताना माझ्या ध्यानात आलं, ते कसं दिसलं असेल. बोलायला पाहिजे होतं. मी स्वतःला समजावलं की खुलासा केला तर जास्तच वाईट दिसेल. मग दिवस गेले, आणि तू भेटत राहिलास, हसत राहिलास, शिव्या देत राहिलास. मला वाटलं, तू समजून घेतलंस.

तू समजून घेतलं नव्हतंस. तू ते जपून ठेवलंस आणि माझ्याबद्दल निकाल लावून टाकलास. आणि त्या निकालावर पांघरूण म्हणून चार चाकं ओतलीस, इतकी सुबक की मी वर्षानुवर्षं त्यांची बढाई मारली. मी याला दगा म्हणतो. चाकं बदललीस हा नाही. तू मला विचारलं नाहीस, हा. "अन्या, त्या दिवशी फडकं का काढलंस?" एवढंच विचारायचं होतं. मी अडखळलो असतो. कदाचित चुकीचं बोललो असतो. आपण वर्षभर बोललो नसतो. तेही खरं भांडण झालं असतं, चाकांचं नाही. तू मला जिंकू दिलंस, मिलिंद, पण खेळायला घेतलंच नाहीस.

मी आईंना विचारलं, "तुम्हाला काय वाटलं होतं? मी काय बोललो असतो?"

"ते तुला ठाऊक," त्या म्हणाल्या. "मला कशाला इचारतो?"

निघताना त्या माझ्यामागून फाटकापर्यंत आल्या. गुडघे दुखतात त्यांचे. चाक बघायला वाकताना तोल जाईल म्हणून त्यांनी बॉनेटवर हात टेकला. माझा हात खिशाकडे गेला. मी नेला नाही, तो गेला. त्यांनी ते पाहिलं.

"पुस की," त्या म्हणाल्या. आवाजात काटा नव्हता. "जीव वर-खाली होऊन राहिला तुझा. मला काय त्याचं."

मी पुसलं नाही. तसाच निघालो. अहमदपूरला पंक्चर काढून घेतलं, तुझं चाक परत बसवलं, स्टेपनी डिकीत टाकली. तो माणूस म्हणाला, हे चाक भारी आहे साहेब, कुठलं? मी म्हणालो, लातूरचं. अॅल्युमिनियम. हे तुला सांगायचं राहिलं होतं: तुझंच खरं होतं. आपल्या रस्त्यांना अॅल्युमिनियमच. ऐकायला तू हवा होतास, म्हणजे मी "हरलो" म्हटल्यावर तू कसा दिसतोस ते मला कळलं असतं.

गाडी आता शेडमध्ये आहे. बॉनेटवर आईंचा पंजा आहे, त्यावर रस्त्याची धूळ बसून तो उलट जास्त ठळक झालाय. रोज सकाळी मी फडकं घेऊन जातो आणि तसाच परत येतो. हे मोठेपण समजू नकोस. पुसला तर तू माझ्याबद्दल जे धरून बसला होतास ते खरं ठरेल. नाही पुसला तर नाटक, आणि तेही तुला दाखवण्यासाठी, जो बघायला नाही. हा पेच तू माझ्या दारात उभा करून गेलास.

वहिनींचा काल फोन आला. आई पुढच्या महिन्यात डोळे दाखवायला नांदेडला येणार आहेत, माझ्याच घरी उतरतील. त्यांना शेडमध्ये नेणार आहे. तो पंजा दाखवणार आहे, त्या दिवशी पिठाचा का पुसला ते सांगणार आहे, आणि हा पुसू का, असं त्यांनाच विचारणार आहे. त्या काय म्हणतील, मला माहीत नाही. तू असतास तर मध्ये पडून म्हणाला असतास, "चल, चहा घेऊ."

या वेळी चहा नंतर.